अजगर, अहि आणि ड्रॅगन : मूळशोधाची मर्यादा

वसईच्या पूर्वेकडील सातिवलीहून लोहमार्ग ओलांडून पश्चिमेला आले की माणिकपूरचे चर्च लागते. ते संत मिखाएल या देवदूताच्या नावाचे आहे. नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या पुस्तकात हाच मिखाएल सात डोक्यांच्या ड्रॅगनचा पराभव करतो. रूढ मराठी बायबलात या प्राण्यासाठी ‘अजगर’ हा शब्द योजलेला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ महासर्प असाच असल्याने अनुवादकांची निवड निर्दोष म्हटली पाहिजे. परंतु कोणताही शब्द भाषेत एकटा येत नाही. ‘अजगर’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात अघासुर आणि नहुष जागे होतात आणि मिथकाचे सारे नातेसंबंध बदलू लागतात. ड्रॅगनच्या उगमाचा प्रश्न या बदलाच्या जागेवरून पाहावा, असे मला वाटते.

उगमाविषयीचे सिद्धान्त पुष्कळ आहेत. एलियट स्मिथ यांनी 1919 मध्ये हे मिथक प्राचीन संस्कृतींच्या एका केंद्रातून जगभर पसरल्याचे प्रतिपादन केले. रॉबर्ट ब्लस्ट यांनी ड्रॅगनचे मूळ इंद्रधनुष्यात शोधले. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी 1995 च्या ग्रंथात वैदिक, अवेस्ती, ग्रीक व हित्ती संहितांची तुलना करून ‘वीराने सर्प मारला’ हे एक वारशाने आलेले भाषिक सूत्र असल्याचे दाखविले. ऋग्वेदातील इंद्र आणि अहि हे त्याचे ठळक उदाहरण. यांपैकी वॉटकिन्स यांचे विवेचन संहितेच्या सर्वांत निकट आहे. तथापि सूत्राचा वारसा सिद्ध झाला तरी एक प्रश्न उरतोच : सर्प मारल्यानंतर काय होते?

येथे परंपरांच्या वाटा फुटतात. ‘प्रकटीकरणा’त विजयानंतर स्वर्गात आनंद होतो, मिखाएलला प्रायश्चित्त नाही. ग्रीक अपोलोला मात्र पायथनच्या वधानंतर शुद्धी करून घ्यावी लागते; म्हणजे वधाचा दोष ही केवळ भारतीय कल्पना नव्हे. महाभारत त्याही पुढे जाते. उद्योगपर्वात वृत्रवधानंतर ब्रह्महत्येने ग्रासलेला इंद्र पाण्यात दडून बसतो. त्याच्या रिकाम्या आसनावर नहुषाची स्थापना होते, तो सत्तेने उन्मत्त होतो आणि शापाने सर्प बनतो. सर्पहंत्याचे आसनच पुढचा सर्प निर्माण करते! वनपर्वात हाच नहुष अजगर होऊन भीमाला विळखा घालतो. भीमाचे बळ तेथे निरुपयोगी ठरते. युधिष्ठिर अजगराच्या प्रश्नांना उत्तरे देतो तेव्हा भीम सुटतो आणि नहुषही शापमुक्त होतो.

महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत हा पेच निराळ्या रीतीने सोडविलेला दिसतो. नागपंचमीच्या परिचित कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मरतात. नागीण त्याचे सारे घर दंश करून संपविते. परंतु सासरी नागपूजा करणाऱ्या लेकीपाशी येऊन तिचा कोप शमतो आणि मेलेले जिवंत होतात. येथे पराक्रम नाही, अपघात आहे. विजय नाही, भरपाई आहे. वीराची जागा माहेरची काळजी वाहणाऱ्या लेकीने घेतली आहे. त्या दिवशी जमीन न नांगरण्याचा संकेत हा या कहाणीचा आचारातील उत्तरार्धच होय. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त वारुळाचे भूमीच्या योनीशी असलेले नाते उलगडून दाखविले आहे. ते लक्षात घेतले तर नागाचे घर फोडणे म्हणजे कोणावर आघात करणे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दा. ध. कोसंबी यांनी वृत्राच्या कथेत बांध फोडल्याची स्मृती वाचली. विजेत्याच्या दृष्टीने जी जलमुक्ती, ती बांधावर पिकणाऱ्या शेतीचा विनाश ठरते. हा अर्थ सर्वमान्य नाही. पण मारलेल्याच्या बाजूनेही मिथक वाचता येते, हे त्याने शिकविले.

आपल्याकडील आदिबंधात्मक समीक्षेने नेमके हेच वाचन पुष्कळदा टाळले. वृत्र, कालिया, अघासुर, ड्रॅगन या साऱ्यांना ‘अंधारशक्ती’ या एकाच खणात घातले की कवितेतला किंवा कादंबरीतला सर्प आपोआप उलगडल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात संहिता तेथे बोलायची थांबलेली असते. वृत्र मारला जातो, कालियाला समुद्राकडे घालविले जाते, नहुषाशी संवाद होतो, नागिणीची क्षमा मागितली जाते. ही चार क्रियापदे एका नामात विरघळविणे ही समीक्षेची हानी आहे. ती केवळ समीक्षेचीच नाही. ज्याला अजगर म्हटले त्याच्याशी कसे वागायचे, हे समाज अशाच क्रियापदांतून शिकत असतो.

म्हणून ड्रॅगन कोठून आला, हा प्रश्न त्याज्य नसला तरी अपुरा आहे. चीनमध्ये तो पाऊस देतो, युरोपात भाल्याखाली येतो, मराठीत तो भाऊही होतो. मूळ एक निघाले, तरी फांद्यांचा हिशेब समीक्षकालाच द्यावा लागेल.