गोमा व दमामा : सिद्दींच्या ढोलाची साक्ष

छत्रपति संभाजीनगर ज्या खडकीपासून वाढलें तिची उभारणी मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें केली. नहर-ए-अंबरी, मोगलांवरील विजयाप्रीत्यर्थ बांधलेला भडकल दरवाजा, खुलदाबादेचा मकबरा हीं त्याचीं स्मारकें सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीस गुजराथेंतील सिद्दी लोकांचें ढोलवादन आणून बसवावें, व तेंहि अंबराच्याच परंपरेंतलें मानावें, असा मोह अभ्यासकास होणें स्वाभाविक आहे. दोघांचेंहि मूळ आफ्रिकेंत. दोघांसहि हबशी म्हणण्याचा प्रघात. परंतु या अनुमानास खुद्द ढोलच अनुकूल नाहीं.

भडोच जिल्ह्यांत झगडियाजवळ रतनपूर येथें बावा गोर या पीराचें स्थान आहे. तेथील सिद्दी जें वादन व नर्तन करतात त्यास धमाल किंवा गोमा म्हणतात. त्यांतील मुगरमान हा ढोल लांकडाचा, एका तोंडाचा असून खालीं पाय काढलेले असल्यानें जमिनीवर उभा राहतो. त्याच्या साथीस भोपळा जोडलेलें धनुष्याकृति मलुंगा हें वाद्य व नारळाचा खुळखुळा असतो. या खुळखुळ्यास पीराची बहीण माई मिसरा हिचें नांव आहे. सिद्दी या वाद्यांस केवळ करमणुकीचें साधन समजत नाहींत. पीराच्या स्थानाशीं जडलेल्या पवित्र वस्तु समजतात.

आतां ‘गोमा’ हा शब्द पाहूं. पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत ‘ङ्गोमा’ म्हणजे ढोल. नाच, व ज्या मेळाव्यांत नाच होतो तो मेळावाहि त्याच शब्दानें दर्शवितात. हाच शब्द पलीकडे अटलांटिक किनाऱ्यावरील कोंगो लोकांच्या भाषेंतहि ढोलास आहे. यावरून कोंगोचे लोक रतनपुरास आले असें कोणीं समजूं नये. दोन्ही भाषा बांटू कुळांतल्या असल्यानें शब्द त्यांचा सामाईक आहे, इतकेंच. उलट अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आबिसीनियाकडे झाला. तेथील प्रमुख भाषा सेमिटिक व कुशिटिक कुळांतल्या, आणि तेथील ख्रिस्ती देवळांतल्या ढोलास ‘केबेरो’ म्हणतात. तेव्हां गोमा हा शब्द अंबराच्या मायदेशाकडून आला, असें म्हणण्यास जागा उरत नाहीं. मौज अशी कीं, खुद्द बावा गोरास परंपरा हबशीच म्हणते! ‘हबशी’ या एका शिक्क्याखालीं आपल्या तवारिखांनीं किती निरनिराळे लोक एकत्र दडपले आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

नांवावरच भिस्त ठेवणेंहि मात्र धोक्याचें आहे. यल्लापूर, हल्याळ या बाजूंच्या सिद्दींपैकीं बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनीं मोझांबिकाकडून गोव्यास आणलेले, म्हणजे बांटू प्रदेशांतलेच. त्यांच्या बोलींत कोंकणी व मराठी मिसळली आहे. पण त्यांच्या ढोलाचें नांव ‘डमाम’, आणि तो ‘दमामा’ या फारसी शब्दाशीं जुळतो, जो आपल्याकडे मोठ्या नगाऱ्यास रूढ झाला. केवळ नांवावरून निर्णय करूं गेल्यास या लोकांस इराणचे ठरवावें लागेल! रतनपुरास शब्द टिकला, यल्लापुरास तो बदलला. म्हणून खोड कसें पोखरलें, कातडें कसें ताणलें, हात वापरतात कीं टिपरू, हें प्रत्यक्ष वाद्य पाहूनच ठरविलें पाहिजे.

येथें आमच्या संग्राहकदृष्टीचा दोष आड येतो. मायोंबे प्रदेशांतील योंबे लोकांच्या कांहीं ढोलांचा तळ मनुष्याच्या अगर पशूच्या कोरीव आकृतीचा असतो. असा ढोल संग्रहालयांत शिल्प म्हणून मानानें उभा राहतो. तो वाजविण्यासाठीं केला होता हें पाहणारा बहुधा विसरतो. मुगरमानावर अशी आकृति नाहीं. कोरणाराचें कौशल्य त्याचें खोड पोकळ करण्यांत व त्यास पाय देण्यांत खर्च झालें आहे. आमच्या मतें हें कौशल्य योंब्यांच्या कारागिरीहून कमी दर्जाचें नव्हे. तें निराळ्या जागीं आहे, एवढेंच. दृष्टि नक्षीवर खिळलेली असली कीं तें दिसत नाहीं.

औरंगाबादच्या सातव्या लेण्यांत नर्तिकेभोंवतीं वाद्यें घेऊन बसलेल्या स्त्रिया पाषाणांत असल्यामुळें शिल्लक राहिल्या. लांकडास तें भाग्य नाहीं; वाळवी लागते, कातडें बदलतें, आणि जुनें खोड टाकून नवें पोखरतात. नझीर अली व एमी जैराजभॉय यांनीं सिद्दींच्या संगीताचें जें मुद्रण व चित्रीकरण केलें त्यानें ध्वनीची नोंद झाली, हें काम थोर आहे. इतिहाससंशोधकांनीं त्यापुढें जाऊन रतनपूर व यल्लापूर येथील एकेका ढोलाचें लांकूड, उंची, तोंडाचा व्यास, पायांची घडण, आणि तो कोणीं व कोणाकडून शिकून केला याची माहिती, ही सर्व सनदेच्या नकलेइतक्याच काटेकोरपणें टिपून घ्यावयास हवी.