तबकडीवरची नावे

कारंजा म्हटले की बाहेरचा माणूस हमखास कारंजा लाडला जाऊन पोचतो. मग आम्हाला सांगावे लागते की ते वाशीम जिल्ह्यातले. आमचे कारंजा (घाडगे), वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे. कंसातले एक नाव गाळले की माणूस भलत्याच जिल्ह्यात उतरतो. जुन्या गाण्यांच्या बाबतीत आमच्या समाजाचे नेमके असेच झाले आहे, असे आम्हाला वाटते. गाणे लक्षात राहिले आणि कंसातली नावे गळून गेली.

ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती फजिती झाल्यावर. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचे निवेदन आमच्याकडे होते. मुलांनी ‘चढता सूरज’ ही कव्वाली बसवली होती. आम्ही ऐटीत जाहीर केले, “आता ऐका अझीझ नाझां यांचे कलाम.” कार्यक्रम आटोपल्यावर लाऊडस्पीकरवाले चाचा वायरी गुंडाळत जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मास्टरसाब, अझीझ नाझां ने गाया. लिखा कैसर रत्नागिरवी ने.”

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. बी.एड. केलेले. मतला, मक्ता, तखल्लुस मुलांना फळ्यावर शिकवणारे. आणि रत्नागिरीचे नाव तखल्लुसात मिरवणारा कवी आम्हाला ठाऊक नव्हता! चाचांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. पण हयात तबकड्या वाजवण्यात गेलेली आणि प्रत्येक तबकडीचे लेबल वाचून पाठ झालेले. त्यांनीच पुढे सांगितले की ‘झूम बराबर झूम शराबी’ लिहिणारे नाझां शोलापुरी. ती कव्वाली 1974 च्या ‘फाइव्ह रायफल्स’ चित्रपटात आली, सर्वतोमुखी झाली, आणि सोलापूरचे नाव मात्र कोणाच्याच तोंडी आले नाही. एक रत्नागिरवी, एक शोलापुरी. महाराष्ट्रातल्या मुसलमानाची मुळे कुठे आहेत, असे विचारणाऱ्यांना उत्तर म्हणून ही दोन टोपणनावे पुरेशी आहेत. पण ती आम्हालाच माहीत नसतील तर उत्तर देणार कोण?

त्या दिवसापासून आमची एक बैठक सुरू झाली. लाऊडस्पीकरवाले चाचा, एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक शिंपीकाका, मराठी शाळेतले आमचे एक संगीतप्रेमी सहकारी आणि आम्ही. रविवारी संध्याकाळी शिंपीकाकांच्या दुकानात चहा आणि गाणी. वयाने आम्ही सर्वांत लहान, तिशीतले. आमचे बालपण कॅसेटचे. साठच्या दशकातली गाणी आम्ही त्या दशकात ऐकलेली नाहीत. म्हणून आम्ही बहुतेक वेळ ऐकण्याचेच काम केले. या बैठकीत जे शिकलो, त्याच्या आधारे जाणकार रसिकांच्या या परंपरेविषयी चार शब्द लिहावेत, तिचे मोल सांगावे आणि उणेही सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

ही परंपरा उभी कशी राहिली? तिचे पहिले विद्यापीठ रेडिओ. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ आली, आणि 1967 मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या प्रथम मुंबई, नागपूर आणि पुणे येथून. विदर्भातल्या घराघरांत नागपूर लागत असे. निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी नावे सांगायचा. कंडक्टरकाका म्हणतात, “आम्ही गाण्याच्या आधी नावं ऐकायला शिकलो.” फर्माईश पाठवणाऱ्यांची नावेही वाचली जात. गावातल्या साध्या माणसाला वाटे की या गाण्यात आपलाही काही हक्क आहे. अमीन सयानी फेब्रुवारी 2024 मध्ये गेले, तेव्हा आमच्या बैठकीत त्या रविवारी एकही गाणे लागले नाही.

दुसरे विद्यापीठ तबकडीचे लेबल. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. साठच्या दशकात तिची जागा हळूहळू 45 फेऱ्यांच्या ईपीने आणि एलपीने घेतली. घरात तबकड्या असणे ही श्रीमंतांची चैन. तालुक्याच्या गावात तो साठा असायचा लाऊडस्पीकरवाल्याकडे. लग्नात, उरुसात, संदलमध्ये कोणती तबकडी लावायची, हे तो ठरवायचा. म्हणजे पाहा, आमच्या गावांत लोकांची आवड कशी होती याचा खरा नोंदकर्ता हाच माणूस. पण समीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात त्याला जागा नाही.

आता ग्रंथांकडे वळू. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ 1931 ते 1980 ही पन्नास वर्षे दहा-दहा वर्षांच्या पाच खंडांत मांडतो. त्यातला चौथा खंड 1961 ते 1970 चा. चित्रपट, गाणे, गायक, गीतकार, संगीतकार अशी शिस्तबद्ध नोंद. मुंबईत 1990 मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि सुरेश चांदवणकर यांनी तबकडी-संग्राहकांना एकत्र आणले. मराठीत शिरीष कणेकरांचे ‘गाये चला जा’ दोन पिढ्यांनी वाचले. आणि आमच्यातले म्हणून अभिमानाने सांगावे असे नाव इसाक मुजावर यांचे. कोल्हापूरच्या या माणसाने चित्रपटाविषयी आयुष्यभर मराठीत लिहिले.

या सर्वांचे ऋण मान्य करून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गीत कोश चित्रपटगीतांचा आहे, आणि ते त्याने नावातच सांगितले आहे. तेव्हा दोष त्याचा नाही. मराठीतले आठवणीपर लेखनही चित्रपटाभोवतीच फिरते. पण आमच्या वस्त्यांमध्ये त्या काळी जे वाजत होते, त्यातला मोठा भाग चित्रपटाबाहेरचा होता. 1958 च्या ‘अल हिलाल’ मध्ये इस्माईल आझाद यांची ‘हमें तो लूट लिया’ गाजली. लिहिणारे शेवन रिझवी, संगीत बुलो सी. रानी यांचे. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत यूसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, जानी बाबू, अझीझ नाझां यांच्या कव्वाल्यांना लोकांनी डोक्यावर घेतले. तेच आमचे ‘पॉप’ होते. कष्टकरी माणसाचे गाणे. शास्त्रीयवाल्यांनी त्याला हलके म्हटले, दर्ग्यातल्या जुन्या जाणत्यांनी बाजारू म्हटले, शिकलेल्या उर्दूवाल्यांनी तर त्याकडे पाहिलेही नाही. त्या उर्दूवाल्यांत आम्हीही आलो.

नावे गाळण्याची खोड कव्वालीपुरती नाही. 1960 च्या ‘बरसात की रात’ मधली ‘ना तो कारवाँ की तलाश है’ ही बारा मिनिटांच्या आसपासची कव्वाली घ्या. साहिर यांचे शब्द, रोशन यांचे संगीत. गायक कोण, असे विचारले की लोक मन्ना डे, रफी, आशा भोसले एवढे सांगून थांबतात. सुधा मल्होत्रा आणि एस. डी. बातिश ही दोन नावे राहून जातात. ती काढून ती कव्वाली गाऊन पाहा म्हणजे कळेल. सवाल टाकणारा नसेल तर जवाबाला अर्थ काय! आमच्या बैठकीचा नियमच झाला आहे: पाचही नावे घेतल्याशिवाय सुई खाली ठेवायची नाही.

दुसरे उदाहरण मुबारक बेगम यांचे. 1961 च्या ‘हमारी याद आएगी’ चे शीर्षकगीत ऐकले नाही असा रसिक नाही. गीत केदार शर्मा यांचे आणि संगीतकार स्नेहल भाटकर, म्हणजे आपले मराठी वासुदेव भाटकर, भजनांत रमलेले. एका भजनी माणसाची चाल आणि मुबारक बेगमचा तो काचेवर ओरखडा उमटावा तसा आवाज. पण रसिकांनी काय केले? तिला एका गाण्याची गायिका करून टाकले. 1963 च्या ‘हमराही’ मध्ये रफींबरोबर तिने गायलेले ‘मुझको अपने गले लगा लो’ ही त्याच आवाजाची दुसरी, हसरी बाजू. 18 जुलै 2016 रोजी मुंबईत जोगेश्वरीला ती गेली. अखेरची वर्षे ओढगस्तीची होती. ती गेल्यावर सर्वांनी तेच एक गाणे वाजवले. आमच्या मते जाणकारी ती, जी माणसाला एका गाण्यातून सोडवते.

माहिती वाटून घेण्याचा खरा लाभ आम्हाला भाषेच्या बाबतीत झाला. आमचे मराठी शाळेतले सहकारी चाल ऐकून राग ओळखतात. आम्हाला त्यातले ओ की ठो कळत नाही. पण शब्दांत ते अडतात. देवनागरीत नुक्ता दिला नाही की ‘राज़’ आणि ‘राज’ एक होतात. गुपित आणि राज्य यांत फरकच उरत नाही. ‘ज़लील’ म्हणजे नीच आणि ‘जलील’ म्हणजे थोर. ठिपका गेला की शिवी आणि स्तुती एकच! गीत कोशकारांचे तखल्लुस ‘हमराज़’, म्हणजे गुपितातला वाटेकरी. ठिपका काढा, अर्थ गेला. त्याउलट ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळा, हे आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना कानानेच शिकवावे लागते, कारण उर्दू लिपीत दोघांना एकच अक्षर. ‘ळ’ ला तर अक्षरच नाही. मुलांना हे शिकवायला आम्ही रफींची मराठी गाणी वर्गात लावली. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतातले, वंदना विटणकर यांनी लिहिलेले ‘शोधिसी मानवा’ मुलांनी ऐकले. श्रीकांत ठाकरे उर्दूचे जाणकार होते. उर्दू जाणणारा मराठी संगीतकार आणि मराठी शिकून गाणारा पंजाबी गायक. वर्गातला एक मुलगा म्हणाला, “सर, इनको भी मराठी सीखनी पड़ी?” त्या दिवसापासून त्याने ‘ळ’ ला कंटाळा केला नाही.

राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणांत ‘बैजू बावरा’ मधल्या भजनाचे उदाहरण दर वर्षी दिले जाते: शकील, नौशाद, रफी, तिघेही मुसलमान. उदाहरण खरेच आहे. पण ते देणारा पुष्कळदा तिथेच थांबतो, जणू चांगुलपणाचा दाखला फक्त आम्हीच द्यायचा आहे. श्रीकांत ठाकरेंनी उर्दू आपलीशी केली, स्नेहल भाटकरांनी मुबारक बेगमला तिचे सर्वांत मोठे गाणे दिले, ही नावेही त्याच यादीत हवीत. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले होते, हे लेबलावर छापलेले आहे.

आता उणे. रसिकांत चढाओढ फार. एकाला दुर्मीळ तबकडी मिळाली की तो ती दडवतो. काहींना गाण्यापेक्षा आकडे प्रिय. कोणाची गाणी जास्त यावर तासभर भांडतील आणि गाणे एकही ऐकणार नाहीत. ‘रफी आपले’ असे म्हणणारे आमच्यातही आहेत. कलावंतावर मालकी सांगितली की त्याचे अर्धे गाणे ऐकू येईनासे होते. आणि हल्ली मोबाइलवर चुकीची नावे चिकटवून गाणी फिरतात. एकाची चूक हजारांची होते. उर्दूत एखादा शब्द बरोबर की चूक हे ठरवायला उस्तादाच्या शेराची ‘सनद’ मागतात. गाण्याच्या माहितीलाही सनद मागितली पाहिजे. कोणी सांगितले? लेबल पाहिले का? पाहिले नसेल तर ‘ऐकीव’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

शेवटी आमचाच गुन्हा सांगतो. चाचांकडच्या तबकड्यांची यादी करायची, असे आम्ही ठरवले होते. परीक्षा झाल्यावर करू, मग ईद झाल्यावर करू, असे चालले. वहीत अकरा तबकड्यांची नोंद झाली आणि चाचा गेले. आम्ही पुरशाला दोन दिवस उशिरा पोचलो तोवर पेटी भंगारवाल्याला वजनावर गेली होती. मुलांचा दोष नाही. त्यांना त्यात काय आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. सांगणे आमचे काम होते.

त्या अकरा नोंदींत तबकडीचा क्रमांक, गाणारा, लिहिणारा, आणि शेवटच्या रकान्यात चाचांचे शब्द आहेत: ही वरात निघताना, ही बिदाईला, ही उरुसात रात्री उशिरा. शेवटचा रकाना कोणत्याही कोशात मिळणार नाही. आपल्या गावात अशी एखादी पेटी अजून शिल्लक असेल. वाचकांनी या सुट्टीत एक वही घेऊन तिथे जावे, आणि ईदची वाट पाहू नये.