मानवी चूक : चौकशीचा शेवट की आरंभ?

बिजागरीचा स्क्रू निखळला की आपण उरलेला एक खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "अगदी असाच द्या." दुकानदार दोन्ही स्क्रू शेजारी धरून नजरेने ताडतो. यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. एका विमान-दुर्घटनेचा ब्रिटिश चौकशी अहवाल वाचताना मला ही सवय वारंवार आठवत राहिली.

10 जून 1990. ब्रिटिश एअरवेजचे विमान बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघाले होते. 17,300 फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि तो अर्धाअधिक बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवले. कॅप्टनसह सर्व 87 जण वाचले.

ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. 90 बोल्टपैकी 84 बोल्ट व्यासाने 0.026 इंच बारीक होते. मनुष्यबळ कमी, म्हणून पाळीप्रमुखाने स्वतःच काम उरकले. भांडारातल्या माणसाने योग्य क्रमांक सांगितला होता. पण काढलेल्या जुन्या बोल्टवर विसंबून त्याने अंधूक उजेडात नवे बोल्ट नजरेने जुळवले. गंमत अशी, की ते जुने बोल्टही चुकीचेच होते : व्यास बरोबर, लांबी कमी. बारीक बोल्ट आट्यांत घसरत होते, ते त्याला ठरावीक ताणाला सुटणाऱ्या स्क्रूड्रायव्हरचे 'टक्' वाटले.

1992 चा हा अहवाल मोठ्या योग्यतेचा आहे, कारण 'मानवी चूक' म्हणून तो थांबत नाही. काच बाहेरून बसवलेली, त्यामुळे आतल्या हवेचा सगळा दाब बोल्टवर. तरीही दुसऱ्याने तपासण्याच्या कामांच्या यादीत हे काम नव्हते. करणारा आणि तपासणारा एकच. त्या कामाची पहिली परीक्षा झाली ती प्रवासी घेऊन आकाशात. हे सारे अहवालच सांगतो.

आणि तरी कारणे मांडताना तो पाळीप्रमुखाच्या अपुऱ्या काळजीवर आणि कामाच्या वाईट सवयींवर वेगळे बोट ठेवतो. माझा आक्षेप इथे आहे. त्याने पुस्तिका नीट पाहिली नाही, सांगितलेले ऐकले नाही, हे खरेच. पण याच अहवालानुसार व्यवस्थापनाने पाळीप्रमुखांची प्रत्यक्ष कामाची पद्धत कधी पाहिलीच नव्हती. न पाहिलेली सवय एकट्या माणसाच्या खात्यावर कशी मांडायची? 'निष्काळजी' हा शब्द स्वभावाचे वर्णन करतो, पण काय बदलावे ते सांगत नाही. उलट तो पुढच्या कारागिराला आपली चूक झाकायला शिकवतो, आणि झाकलेली चूक पुन्हा उड्डाण करते.

आपल्याकडे अपघातानंतर 'मानवी चूक' एवढे छापले, की विषय मिटतो. चौकशी खरी तिथून सुरू व्हायला हवी : त्या माणसाला त्या पहाटे तो बोल्ट बरोबरच का वाटला?