बॉशच्या कारखान्याचा इतिहास : चरित्र, साक्ष आणि दप्तर

जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं १५ नोव्हेंबर १८८६ रोजीं रॉबर्ट बॉश यांनीं सूक्ष्म यंत्रकामाची व विद्युत्कामाची एक लहानशी कर्मशाळा उघडली. इंजिनांत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो, स्पार्क प्लग, मोटारीचे दिवे, डीझेल इंजिनास इंधन पुरविणारा पंप, असे सुटे भाग करतां करतां हें घर मोटार-सामुग्रीच्या धंद्यांत जगांत अग्रेसर झालें. या घराच्या इतिहासाविषयींचे तीन ग्रंथ येथें परीक्षणास घेतले आहेत. पहिला थिओडोर हॉइस यांनीं लिहिलेलें व १९४६ मध्यें प्रसिद्ध झालेलें बॉश यांचें चरित्र. दुसरा आंगेला मार्टिन यांनीं सहकाऱ्यासह सिद्ध केलेला, २००२ मधील, ‘मी बॉश हें नांव पाहिलें’ या अर्थाच्या मथळ्याचा साक्षींचा संग्रह. तिसरा योहानेस बेर व पाउल एर्कर या दोघां इतिहासकारांचा २०१३ मधील विस्तृत ग्रंथ. विषय यंत्रांचा असला तरी प्रश्न आपल्या नित्य परिचयाचा आहे: धन्याच्या घरांतून निघालेला इतिहास किती प्रमाण मानावा?

हॉइस यांस चरित्रलेखनाचें काम १९४२ मध्यें बॉशच्या घराकडूनच मिळालें. त्याच वर्षीं १२ मार्चला बॉश वारले. हॉइस हे उदारमतवादी लेखक. त्यांचीं पुस्तकें १९३३ मध्यें नाझींनीं जाळलीं होतीं, आणि पुढें १९४९ मध्यें ते पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. अशा गृहस्थास भाट म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेनें जिंजीस बखर लिहिली, म्हणून तिचें मोल जसें नाहींसें होत नाहीं, तसेंच ती आज्ञेनें लिहिली ही गोष्टही नाहींशी होत नाहीं. आश्रयाखालीं लिहिणारा बहुधा खोटें लिहीत नाहीं. काय विचारावयाचें नाहीं हें मात्र त्यास न सांगतां कळतें. नैयायिकांनीं आप्त कोणास म्हणावें याच्या दोन कसोट्या मानिल्या आहेत: वस्तु त्यानें साक्षात् जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्यास इच्छा असावी. नायकाच्या स्वभावाविषयीं, विचारांविषयीं व मित्रमंडळाविषयीं हॉइस आप्त आहेत. कारखान्यांतील मजुराच्या दिवसाविषयीं ते तसे ठरत नाहींत.

बॉश यांच्या लौकिकांतील दोन गोष्टी या दृष्टीनें तपासून पाहण्याजोग्या आहेत. मॅग्नेटो त्यांनींच शोधून काढला असा समज पुष्कळांचा आहे. वस्तुतः १८८७ मध्यें एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून त्यांनीं तो प्रथम केला, तो डॉइट्झच्या इंजिनावर आधींच असलेलें तशा जातीचें साधन पाहून. त्यांत सुधारणा केली ती मात्र त्यांची. मोटारगाडीस तो १८९७ मध्यें प्रथम जोडला गेला, आणि उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याचा प्लग ही १९०२ ची सिद्धि त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांची. घराचें नांव एकाचें, विद्या अनेकांची, हें येथें स्पष्ट दिसतें. दुसरी गोष्ट आठ तासांच्या दिवसाची. १९०६ मध्यें, जेव्हां अन्यत्र मजूर याहून पुष्कळ अधिक वेळ राबत होते, तेव्हां बॉश यांनीं आठ तासांचा दिवस सुरू केला, हें खरें व स्तुत्य आहे. पण त्याबरोबरच कामाच्या दोन पाळ्या झाल्या व यंत्रें सोळा तास चालूं लागलीं, हेंही तितकेंच खरें. १९१३ मध्यें याच कारखान्यांत मोठा संप झाला, व त्यानंतर बॉश धातुधंद्यांतील मालकांच्या संघांत सामील झाले. केवळ औदार्य सांगणारा किंवा केवळ हिशेब सांगणारा, दोघेही अर्धाच कागद वाचतात.

खरी परीक्षा नाझी राजवटीच्या काळाची आहे. बॉश यांचा त्या राजवटीस मनापासून विरोध होता. लाइपझिगचे माजी महापौर कार्ल गोर्डेलर यांस कंपनीनें १९३७ पासून सल्लागार म्हणून आश्रय दिला. हिटलरविरुद्ध कटाचे ते एक प्रमुख होते, व त्यांस २ फेब्रुवारी १९४५ रोजीं फांशी झाली. हें सर्व खरें असून त्याच वर्षांत कंपनी युद्धसामुग्री पुरवीत होती, आणि तिच्या कारखान्यांत सक्तीनें आणलेले सुमारें २०,००० स्त्रीपुरुष राबले. बर्लिननजीक क्लाइनमाख्नो येथें ड्राइलिंडेन नांवाची तिची उपकंपनी होती. वॉर्सा येथील १९४४ च्या उठावानंतर पकडून आणलेल्या पोलिश स्त्रिया तेथें छळछावणीच्या बंदिनी म्हणून कामास जुंपल्या गेल्या.

मार्टिन यांच्या संग्रहांत या स्त्रिया बोलतात. उपकंपनीच्या नांवांत ‘बॉश’ हा शब्द कोठेंच नव्हता. म्हणून संग्रहाचा मथळा हेंच एक अंतर्गत प्रमाण आहे. धनी कोण, हें फलक सांगत नसतां बंदिनीनें तें पाहिलें व लक्षांत ठेविलें. पन्नासहून अधिक वर्षांनीं दिलेल्या साक्षींत तारखा सरकतात, संख्या फुगतात किंवा आटतात. त्या बाबतींत दप्तराशीं ताडा घेणें अवश्य आहे. परंतु भूक, थंडी व भय यांविषयीं या स्त्रिया वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्यांस उतरतात. तेवढ्यापुरतें त्यांचें वचन चरित्रकाराच्या वचनाहून बलवत्तर मानिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

बेर व एर्कर यांच्या ग्रंथाचा मोठा गुण हा, कीं त्यांनीं विरोधी कृत्यें व सक्तीची मजुरी हीं एकाच ग्रंथांत, एकाच घराच्या नांवावर मांडिलीं. याची कठोर कसोटी हान्स वाल्ट्स या गृहस्थाच्या ठायीं लागते. बॉश यांच्या पश्चात् कंपनीची धुरा यांच्याकडे होती. ते नाझी पक्षाचे सभासद होते व हिमलरच्या मित्रमंडळांतही होते; आणि ज्यू लोकांस साह्य केल्याबद्दल १९६९ मध्यें याद वाशेम या संस्थेनें त्यांस ‘राष्ट्रांतील सत्पुरुष’ ही पदवी दिली. येथें वाचकास जमाखर्च करून बाकी काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्यांस साह्य मिळालें ते वेगळे आणि जे राबविले गेले ते वेगळे. एकाचें पुण्य दुसऱ्याच्या ऋणांत वळतें करतां येत नाहीं.

तथापि या ग्रंथासही आश्रयाची मर्यादा आहे. त्याचा मुख्य आधार कंपनीचेंच दप्तर आहे, आणि दप्तर हें धन्याच्या सोईनें लिहिलेलें असतें. त्यांत मजूर संख्येनें येतो, नांवानें क्वचित्. अस्सल पत्र बखरीहून श्रेष्ठ, हें राजवाड्यांनीं आपणांस शिकविलें. पण अस्सल पत्र कोणीं, कोणास व कशासाठीं लिहिलें हें विचारल्यावांचून तेंही पुरतें बोलत नाहीं. म्हणून २०१३ चा ग्रंथ २००२ च्या संग्रहावांचून वाचूं नये, अशी आमची शिफारस आहे. हॉइस यांचें चरित्र शेवटीं वाचावें; आधीं वाचल्यास तें मन व्यापून टाकतें.

घराण्याच्या हातांतील मालकी १९६४ मध्यें बहुतांशीं धर्मादाय संस्थेकडे गेली. आज सुमारें ९४ टक्के भांडवल तिच्याकडे, मताधिकार एका वेगळ्या न्यासाकडे, व थोडा अंश वंशजांकडे आहे. घराणें बाजूस झालें, तरी दप्तर कंपनीच्याच ताब्यांत आहे.

आमच्या वाचकांशीं याचा संबंध दूरचा नाहीं. या कंपनीचा हिंदुस्थानांतील कारखाना १९५१ मध्यें बंगळूर येथें ‘मायको’ या नांवानें निघाला आणि पुढें नाशिकासही झाला. तेथें राबलेल्या कुटुंबांच्या घरीं हजेरीपत्रकें, पगाराच्या चिठ्ठ्या, संघाचीं पत्रकें व खासगी पत्रें अद्याप असतील. मोडी रुमालांच्या शोधांत गांवोगांव हिंडणाऱ्या संग्राहकांनीं हे कागदही रद्दींत जाण्यापूर्वीं गोळा करावे. उद्यां नाशिकच्या कारखान्याचा इतिहास लिहिणारास कंपनीचें दप्तर कदाचित् मिळेल. त्याशीं ताडून पाहावयाचा दुसरा कागद मात्र आपण राखिला तरच मिळेल.