पद्मिनीचं इंजिन खरंच 'तसंच' राहिलं का?

प्रीमियर पद्मिनीवरचं काहीही वाचायला घ्या, एक विधान हमखास भेटतं: परवाना-राजमुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून तेच जुनं फियाट इंजिन वर्षानुवर्षं निघत राहिलं. विधान खोटं नाही. पण रिसर्च प्रपोजलमध्ये ते असंच उतरवलंत तर गाईडनं अडवायला हवं.

आधी आकडे बघा. फियाटचं १०८९ सीसीचं हे इंजिन १९३७ सालचं. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५, ताकद ३२ अश्वशक्ती. १९५३ च्या '११००' मध्येही मापं हीच, ताकद ३६. मग १९६२ मध्ये इटलीत बोअर ७२ झाला आणि इंजिन १२२१ सीसीचं. आपल्याकडे मात्र १०८९ च. इथवर 'आपण मागे पडलो' ही गोष्ट छान जुळते. पण १९६६ मध्ये '११०० आर' काढताना फियाट स्वतःच १०८९ वर परतली आणि तेवढ्यातूनच ४८ अश्वशक्ती काढली. हे सहसा कुणी लिहीत नाही! म्हणजे सीसी हे प्रगतीचं माप धरणंच कच्चं. त्याच मापात इथे काय सुधारता आलं असतं आणि ते का झालं नाही, हा खरा प्रश्न.

माझा मोठा आक्षेप साधनांवर आहे. सगळे कंपनीचं माहितीपत्रक नाहीतर आरसी बुक बघतात. आता मुंबईहून माळशेज चढून आमच्या ओतूरला येणारी एखादी जुनी पद्मिनी घ्या. सिलिंडर झिजले की गॅरेजवाला रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणार. समजा ०.४ मिमीनं मोठा टाकला, तर बोअर ६८.४. हिशेब करा, ११०२ सीसी येतात. आरसी बुकात १०८९ च! शिवाय मुंबईच्या कितीतरी टॅक्सी पेट्रोलवरून सीएनजीवर गेल्या. वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ ला पद्मिनी टॅक्सीचा शेवट झाला, तेव्हा 'न बदललेल्या' इंजिनाला निरोप देणारे लेख आले. बॉनेट किती जणांनी उघडलं असेल कोण जाणे.

या विषयावर काम करणार असाल तर लायब्ररीआधी रिबोअरिंगच्या दुकानात जा. जुन्या बिलांवर पिस्टनचं माप लिहिलेलं असतं.