खेळणारा नसला की चित्र फुगतं

मोबाइलवर हल्ली मराठी पोरांची पिक्सेल-चित्रं बरीच बघायला मिळतात. मावळा, वारकरी, नऊवारीतली बाई, दशावतारी नाटकातला संकासुर. विषय आपले आहेत, रंग बहुधा जमलेले असतात, पागोट्याच्या पिळापासून जोड्याच्या टोकापर्यंत मेहनत दिसते. तरीही ही माणसं उभी राहत नाहीत. जमिनीपासून चार बोटं वर टांगल्यासारखी वाटतात.

नेहमी दिसणारा मावळा घ्या. बत्तीस घरं, म्हणजे बत्तीस पिक्सेल, उंचीचा. दोन्ही पाय सारख्या अंतरावर, खांदे आडव्या पट्टीसारखे, डाव्या हाताची ढाल छातीला चिकटलेली, उजव्या हातातली तलवार मांडीला समांतर. ढालीवर चार खिळे, कमरेच्या शेल्याला तीन छटा, मिशीला उजेडाचा ठिपका. हे चित्र दहापट मोठं करून पाहिलं तर वा म्हणावंसं वाटतं. मूळ आकारात पाहिलं की ढाल, छाती आणि हात मिळून एकच तपकिरी गोळा होतो. हा मावळा लढायला निघालाय की दिंडीत उभा आहे, ते कळत नाही. ढाल तीन घरं पुढे काढली, मागचा पाय दोन घरं मागे नेला आणि तलवार डोक्यामागे उचलली, की खिळे पुसून टाकले तरी चालतात.

ही चूक हाताची नाही, हेतूची आहे. ही चित्रं खेळण्यासाठी काढलेलीच नसतात. ती मोठी करून दाखवायला काढलेली असतात, आणि तिथूनच सगळं बिघडतं. पिक्सेल-चित्राची शिस्त जन्मली ती गरजेतून. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांना सुमारे सोळा बाय सोळा घरांत एक माणूस बसवायचा होता. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस हलवून दाखवणं जिकिरीचं, म्हणून टोपी. धडापुढे हलणारे हात दिसावेत म्हणून सदरा एका रंगाचा आणि वरची विजार दुसऱ्या. हाच मारिओ. त्याच्या अंगावर हौसेचं काहीच नाही. नव्वदच्या दशकात भाड्याच्या व्हिडिओ गेमवर ज्यांनी सुट्ट्या घालवल्या, त्यांना तो टीव्हीवर मुंग्या आल्या तरी ओळखू यायचा.

याचं आपल्याकडचं सर्वांत जवळचं उदाहरण आमच्या आजऱ्याहून फार लांब नाही. संकेश्वर-बांदा रस्त्याने आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी. तिथला गंजिफा म्हणजे तळहातात मावणारे गोल, हाताने रंगवलेले, लाखेचा हात दिलेले पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२०. एक ते दहा पत्त्यांवर अवताराची खूण, म्हणजे मासा, कासव, परशू वगैरे. वर राजा आणि प्रधान. खेळणाऱ्याच्या हातात पत्ते पंख्यासारखे धरलेले, एकावर एक चढलेले. त्याला क्षणात कळलं पाहिजे की कोणत्या अवताराचं पान आहे आणि राजा की प्रधान. म्हणून पाठीमागचा रंग ठळक आणि आकृतीची कड गडद. राजा बैठकीत स्थिर, तर प्रधान पुष्कळ संचांत घोड्यावर. गोलात घोडा बसवायचा म्हणून त्याची मान वळते, पुढचा पाय दुमडतो, शेपूट कडेकडेने फिरते. चौकटीच्या अडचणीतूनच ऐट आली. चिताऱ्यांना ‘डायनॅमिक पोज’ हा शब्द ठाऊक नसेल, घोडा मात्र दौडत असायचा.

विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा उभं केलं. हे ऋण मोठंच आहे. पण आज गंजिफा घेणारे बहुतेक लोक तो खेळत नाहीत, भिंतीवर लावतात किंवा भेट देतात. त्याचा परिणाम होणारच. पंख्यात धरायचं पान आणि काचेमागचं पान यांच्या गरजा वेगळ्या. काचेमागच्या पानावर दागिना वाढला तर कुणाचं अडत नाही. पिक्सेल-चित्राचं नेमकं हेच झालं, फक्त इथे काचेची जागा फोनच्या पडद्याने घेतली.

आता तोलाबद्दल. आपल्या शिल्पशास्त्राने उभं राहण्याचे प्रकार कधीच सांगून ठेवलेत: समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या स्त्रीमूर्ती पाहताना मनाने गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडून बघा. तो भार घेतलेल्या पायाकडे येतो. कंबर त्या बाजूला सरकते, खांदा तिकडे उतरतो, मान उलटीकडे कलते. बत्तीस घरांच्या आकृतीत एवढ्यासाठी फार काही करावं लागत नाही. कंबर एक घर डावीकडे, डावा खांदा एक घर खाली, डोकं एक घर उजवीकडे. तीन हालचालींत टांगलेला माणूस जमिनीवर येतो. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चौकट काढली. त्या राजपुत्राला धड चेहरा नाही, पण कडेला लोंबकळताना त्याचं वजन आपल्या दंडांना जाणवतं.

समभंगाचं काय, असा प्रश्न रास्त आहे. दोन्ही पायांवर सरळ उभं राहणं म्हणजे दर वेळी निर्जीव नव्हे. पंढरपूरचा विठ्ठल बघा. सोळा घरांत तो काढायला घेतला तर डोळे, गंध, तुळशीहार सगळं सोडता येतं. सोडता येत नाही ते कोपर आणि कंबर यांच्यामधलं रिकामं घर. दोन्ही बाजूंना मागचा रंग दिसेल अशी एकेक फट ठेवली की विठ्ठल झाला. त्या फटी बुजवल्या की दगडी खांब. पायाखाली एका रंगाची आडवी वीट, बस्स. आकृती पूर्ण काळ्या रंगाने भरून पाहायची परीक्षा जगभर शिकवली जाते. विठ्ठल ती केव्हाच पास झालेला आहे.

वारली चित्रकारांनी तर ही परीक्षा घरच्या भिंतीवरच दिली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस नाचतो, आणखी कलला की ओझं वाहतो.

कोल्हापूरकडच्या पोरांची अडचण थोडी निराळी आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली इथली परंपरा माणूस हुबेहूब उतरवण्याची. त्यामुळे हात तयार असतो आणि शरीराची रचना डोक्यात असते. पण हा हात सवयीने आधी चेहऱ्याकडे धावतो. बत्तीस घरांच्या माणसात चेहऱ्याला सहा-सात घरं येतात. त्यात साम्य शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं. व्यक्तिचित्राची तालीम इथे उपयोगी पडते ती वर्गातल्या मॉडेलच्या बैठकीमुळे, नाकामुळे नव्हे.

तपशील टाकूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण त्याला काम हवं. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या खेळात नायिकेचे केस लाल असतात, आणि हवेत झेप घेण्याची ताकद संपली की निळे होतात. केस हा तिथे तपशील आहे आणि सूचनाही. आपल्या नऊवारीतल्या बाईच्या पदराचा असा उपयोग अजून कुणी केलेला मला दिसला नाही. पळताना मागे उडणारा पदर तिचा वेग सांगू शकतो, थांबल्यावर एक चौकट उशिरा खाली येऊ शकतो. त्याऐवजी आपण पदरावर मोर काढतो.

सराव म्हणून दशावतारी गंजिफाचे दहा अवतार सोळा बाय सोळा घरांत उतरवून पाहावेत, तेही प्रत्येकी तीनच रंगांत. मासा, कासव, वराह, नरसिंह पटकन जमतात, कारण त्यांची छायाच वेगळी. राम, कृष्ण आणि परशुराम यांच्यापाशी खरी गाठ पडते. तिघांची धडं सारखीच, मग ओळख उरते ती उभं राहण्यातच. धनुष्य ओढताना मागे गेलेला एक खांदा, बासरीपाशी त्रिभंगात वाकलेली कंबर, परशूच्या वजनाने पुढे झुकलेला देह. वामन सोपा वाटतो, पण तो ठेंगू आहे हे दाखवायला शेजारी बळी लागतो, आणि सोळा घरांत दोघे मावत नाहीत.