सोमेश्वराचा मत्स्यविनोद आणि कोंकणचा समुद्र

मासे खाण्याविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि त्यांतलें कांहीं फार चांगलेंहि आहे. परंतु पाण्याच्या कांठीं बसून गळाला मासा लावण्यांत जो एक स्वतंत्र आनंद आहे, त्याविषयीं आमचें वाङ्मय जवळजवळ मुकें आहे. ही उणीव आजवर फारशी कोणाला जाणवली नाहीं, कारण हा छंद करणारे सुशिक्षित लोकच थोडे होते. हल्लीं तशी स्थिति राहिलेली नाहीं. कोल्हापुराहून गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट उतरून रत्नागिरी, देवगड, मालवणच्या खडकांवर जाणारी हौशी मंडळी सुटीच्या दिवशीं आतां सहज भेटतात. काठी, रीळ, नायलॉनची दोरी, रंगीत खोटे मासे, सर्व कांहीं त्यांच्यापाशीं असतें. नसतें तें एकच. कोणत्या महिन्यांत, कोणत्या भरतीला, कोणत्या वाऱ्यावर कोणता मासा कांठाशीं येतो, हें सांगणारें मराठी पुस्तक त्यांच्या पिशवींत नसतें.

गंमत अशी कीं, ह्या छंदावरचा एक अत्यंत जुना ग्रंथ आमच्याच दारांतला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य. ह्या विक्रमादित्याची राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या, असें बिल्हणानें आपल्या काव्यांत वर्णिलें आहे; आणि सोमेश्वराच्या काळीं कोल्हापूर प्रांतावर राज्य करणारा शिलाहार गंडरादित्य हा चालुक्यांचाच मांडलिक होता. तेव्हां हा ग्रंथ आपला म्हणावयास कोल्हापूरकरांना तरी संकोच वाटूं नये. ग्रंथाच्या पांच 'विंशति' आहेत व प्रत्येकींत वीस अध्याय. राज्य कसें मिळवावें, कसें टिकवावें, त्याचा उपभोग कसा घ्यावा, हें सांगून झाल्यावर राजा चौथ्या विंशतींत आपल्या विनोदांकडे वळतो. येथें विनोद म्हणजे मन रमविण्याचा प्रकार. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार, गीत, वाद्य, नृत्य, आणि त्यांच्याच पंक्तींत 'मत्स्यविनोद'. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला हा ग्रंथ १९२५ ते १९६१ ह्या काळांत तीन खंडांनीं बाहेर आला, आणि १९५१ सालीं प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं मत्स्यविनोदावर इंग्रजींत स्वतंत्र लेख लिहून शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें. मराठी टीकाकारांनीं ह्या प्रकरणाकडे पाहिलें तें बहुधा सूचीपुरतेंच.

हें प्रकरण वाचून पहिली गोष्ट जी मनावर ठसते ती ही कीं, लिहिणाऱ्यानें मासा पाहिला आहे. पस्तिसांच्या आसपास जाति तो नांवानें सांगतो. त्यांतले समुद्रांतले कोणते व नद्यांतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, मोठे, मध्यम, लहान कोणते, अशी त्यांची वांटणी करतो. मग कोणता मासा काय खातो हें येतें. गळ, दोरी आणि काठी हीं त्याच्या मागून येतात. हा क्रम साधा दिसला तरी ह्या विद्येचें सारें रहस्य त्यांत आहे. मासा मारूं पाहणारा आधीं जाळ्याचा विचार करतो. मासा गळाला लावूं पाहणाऱ्यास माशाच्या भुकेपासूनच आरंभ करावा लागतो. आठशें नव्वद वर्षांपूर्वींच्या एका राजाला ही दृष्टि असावी याचें खरोखर कौतुक वाटतें. त्याच ग्रंथांतल्या अन्नभोगाच्या प्रकरणांत मासा कसा कापावा व कसा शिजवावा हेंहि तो सांगतो. म्हणजे पाण्यापासून पानापर्यंत मासा त्याच्या पुरा परिचयाचा.

तथापि वाङ्मय म्हणून पाहूं गेल्यास निराशा होते. अनुष्टुभ छंदांतले हे श्लोक भांडारगृहाच्या यादीसारखे एकामागून एक येतात. पाणी कसें दिसत होतें, मासा ओढूं लागला तेव्हां हाताला काय वाटलें, तो सुटला तेव्हां राजा खट्टू झाला कीं हंसला, यांतलें कांहीं ह्या विनोदांत उतरलेलें नाहीं. सोमेश्वराला सर्व कांहीं लिहून ठेवण्याची हौस दांडगी होती. आपल्याविषयीं लिहिण्याची मात्र नव्हती. राजधर्म म्हणून ही भलाई असेल; लेखकाला ती बाधते. ह्याच्या उलट आयझाक वॉल्टन. ह्या इंग्रज दुकानदाराचें गळाच्या छंदावरचें पुस्तक १६५३ सालीं निघालें, आणि शास्त्र म्हणून त्यांतल्या कित्येक गोष्टी भोळ्या असूनहि तें आजतागायत वाचलें जातें. त्याचें कारण त्यांत ओढ्याकांठचें दवबिंदू आहेत, पावसाला चुकवून झाडाखालीं बसलेले दोन मित्र आहेत, आणि कोणता मासा वर्षांतल्या कोणत्या काळीं रुचकर असतो व कोणत्या काळीं हाताला लागतो याची सतत चाललेली बोलणी आहेत.

ऋतूचा हा हिशेब हाच मत्स्यविनोदाचा खरा उणा भाग. सोमेश्वर माशाला चारा घालून पुष्ट करावयास सांगतो. चारा घातलेल्या जागीं मासा जमतो, व जमलेला मासा राजाला पाहिजे तेव्हां मिळतो. तळ्याला व डोहाला हें ठीक आहे. दख्खनच्या राजांना तळें हाच समुद्र होता. गंडरादित्यानें मिरज प्रांतांत खोदविलेल्या तलावाला नांवच मुळीं 'गंडसमुद्र' असें होतें. परंतु खरा समुद्र चाऱ्यानें बांधला जात नाहीं. त्यांतल्या माशांचीं नांवें राजाच्या यादींत आलीं, पण त्या माशांचें वर्ष त्याच्या पोथींत आलें नाहीं.

हें वर्ष कसें असतें? कोंकणच्या उष्ण समुद्रांत थंडी-उन्हाळ्याचा फरक पाण्याच्या गारव्यापेक्षां पावसानें अधिक पडतो. ज्येष्ठांत पाऊस उतरला कीं समुद्र खवळतो, नद्या तांबड्या होऊन खाडींत येतात, आणि मुखापर्यंतचें पाणी अर्धें गोडें होतें. बाहेरच्या समुद्राला तोंड बंद. महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी मना आहे, आणि जुन्या रीतीनें नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी दर्यांत लोटीत नसत. पण कांठावर बसणाऱ्याचे हेच दिवस भरतात. गढूळ पाण्याच्या कडेनें जिताडा खाडीच्या तोंडाशीं फिरतो; तांबोशी खडकाच्या व कांदळवनाच्या आडोशाला दबा धरून असते. पावसाच्या अखेरीस खोल समुद्रांतलें गार, सकस पाणी किनाऱ्याकडे वर येतें, हें दक्षिणेकडे अधिक व आमच्याकडे कमी. त्यावर डोळ्यांना न दिसणारी जीवसृष्टि वाढते, तिच्यावर पेडवे, तारली, बांगडे यांचे थवे पोसतात, आणि थव्यांच्या मागून सुरमई व रावस येतात. आश्विन-कार्तिकांत पाणी निवळूं लागलें कीं खडकावरच्या माणसाला हा पाठलाग डोळ्यांनीं दिसतो: पाण्यावर लहान माशांचा सडा उडतो आणि खालून कांहींतरी मोठें वळतें. पौष-माघांत समुद्र शांत, पाणी स्वच्छ, आणि मासा सावध. जाड दोरी त्याला दिसते. चैत्र-वैशाखांत माध्यान्हीं गळ टाकणें म्हणजे उन्हाला नैवेद्य दाखविणें. तेव्हां पहांटेचा मतलई वारा पडावयाच्या आंत काय तें उरकावें, नाहींतर दिवसभराचा खारा वारा मंदावण्याची वाट पाहावी. (पापलेटाला २०२३ सालीं राज्य-माशाचा मान मिळाला, पण तो सहसा गळाला लागत नाहीं, तेव्हां तो खाणारांचा मासा, खेळणारांचा नव्हे.)

महिन्याच्या पोटांत पुन्हां तिथि असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाची भरती मुंबईला जवळजवळ पांच मीटर चढते. दक्षिण कोंकणांत तितकी नाहीं. पाणी जोरानें फिरलें कीं लहान मासा वाहवतो व मोठा त्याच्या वाटेवर उभा राहतो, म्हणून भरती-ओहोटीचा वेग गळवाल्याला कामाचा. पाणी निश्चल झालें कीं मासाहि निश्चल होतो. किनाऱ्यावर एक हिशेब पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ आहे: पक्षाची तिथि घ्यावी, तिची पाऊणपट करावी, तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आणि दुसरी भरती सुमारें साडेबारा तासांनीं. ठिकाणाप्रमाणें यांत थोडें मागेंपुढें होतें. पण ज्या गणितानें दारांतलें पंचांग समुद्राचेंहि पंचांग होतें, तें गणित इतकें आटोपशीर असून सुशिक्षित घरांत दहांत एकालाहि ठाऊक नसतें.

याचें कारण वाङ्मयाच्या पोटांत शोधावें लागेल. मराठी कवितेंत गळ आहे, परंतु तो नेहमीं माशाच्या बाजूनें पाहिलेला. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूताचे चोवीस गुरु आहेत, त्यांत मासा हाहि एक. जिभेच्या लोभानें प्राण गेला हा त्याचा धडा. एकनाथांनीं ह्याच स्कंधावर १५७३ सालीं काशींत आपली टीका पुरी केली, आणि तेव्हांपासून आमिषाला भुललेला मासा आमच्या कीर्तनांतून निघालाच नाहीं. ह्या दृष्टांताचें मोल मी कमी लेखीत नाहीं. पण दृष्टांतांतल्या माशाला जात नसते, महिना नसतो, भरती नसते. त्याला फक्त लोभ असतो. आणखी एक चमत्कार पाहा. मानसोल्लासाच्या ज्या विंशतींत मत्स्यविनोद आहे, तिच्यांतच गीतविनोदांत जुन्या मराठींतलीं कांहीं पदें उदाहरणादाखल आलीं आहेत. आपल्या भाषेचे हे अगदीं आरंभीचे नमुने. आणि त्यांतलें एक मत्स्यावताराचें, रसातळांतून वेद वर आणणाऱ्या माशाच्या स्तुतीचें आहे. म्हणजे एकाच ग्रंथांत संस्कृतांत मासा गळाला लागतो आणि मराठींत त्याला हात जोडले जातात. पुढच्या नऊ शतकांत मराठीनें दुसरी वाट धरली, पहिली सोडून दिली.

आणि जे खरोखर जाणत होते ते लिहीत नव्हते. कोळी, गाबीत, खारवी, दालदी यांच्या घरांत हें ज्ञान बापाकडून मुलाकडे बोलण्यांतून गेलें. लेखणी ज्यांच्या हातीं होती त्यांना ह्या धंद्याचा वास सोसत नव्हता, चव तेवढी सोसत होती. हेन्री सुलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यांतला इंग्रज अधिकारी. दक्षिण कानडा जिल्ह्यांत काम करीत असतां हिंदुस्थानांतल्या गळाच्या खेळावर त्यानें १८७३ मध्यें ग्रंथ लिहिला. त्याला सांगणारे लोक इथलेच असले पाहिजेत. आम्हांला तेच लोक शेजारीं असून विचारावेंसें वाटलें नाहीं.

आतां विचारण्यालाहि घाई केली पाहिजे. अरबी समुद्र तापत चालला आहे, हें शास्त्रज्ञ मोजून सांगतात. २०१९ च्या आश्विनांत क्यार वादळ उठलें, ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यावर आदळलें, आणि २०२१ च्या वैशाखांत तौक्ते कोंकणच्या अंगावरून गेलें; ज्या महिन्यांत होड्या निर्धास्त बाहेर असावयाच्या ते महिने बेभरंवशाचे झाले. थवा केव्हां येईल हें सांगतांना म्हातारा कोळी हल्लीं 'पूर्वीं' ह्या शब्दानें आरंभ करतो. जें वेळापत्रक कागदावर कधीं उतरलेंच नाहीं, तें बदललें हें सिद्ध तरी कशावरून करावयाचें?

म्हणून नवा मत्स्यविनोद लिहावयाचा तर त्यानें सोमेश्वराची नजर घ्यावी, वॉल्टनची गप्पांची बैठक घ्यावी, आणि मजकूर किनाऱ्यावरच्या माणसांचा, त्यांच्या नांवानिशीं घ्यावा. त्यांत पहिलें प्रकरण जिताड्याचें असावें असें मी म्हणेन. पेण-अलिबागकडे हा मासा गांवच्या तळ्यांत वाढवितात, तेव्हां तळें आणि समुद्र दोन्हीं त्याच्या ओळखीचीं. राजालाहि तो परका वाटला नसता. ह्या माशाची एक विलक्षण गोष्ट आहे. तो वयांत येतो तेव्हां नर असतो, आणि पुढें वाढून मोठा झाला म्हणजे मादी होतो. पावसाळ्यांत खाडीच्या मुखाशीं तो येतो तो अंडीं घालण्याच्या हंगामासाठीं. म्हणजे आषाढांत खडकावरच्या हौशी माणसाच्या दोरीला जो सर्वांत मोठा जिताडा लागतो, ज्याच्यासह छायाचित्र काढून घ्यावें असें त्याला वाटतें, ती बहुधा अंड्यांनीं भरलेली मादी असते. आणि यांत्रिक नौकांवरची दोन महिन्यांची बंदी ह्या माणसाच्या गळाला लागूं होत नाहीं.